टर्मिनलवर रंग कसा आला

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांड लाइनवर, एखादा प्रोग्रॅम चालवला की चुकीची ओळ लाल येते, काम पार पडलं तर हिरवी, फोल्डरांची नावं निळी आणि इशारा पिवळा. रोज बघतो, त्यामुळे कोणी विचारत नाही की हा रंग येतो कुठून. आपण आज तेवढंच विचारणार आहोत, आणि त्यातून निघणारा एक जुना वाद तपासणार आहोत.

आधी अडचण नीट समजून घेऊ. प्रोग्रॅम आणि पडदा यांच्यामध्ये वाट एकच आहे. अक्षरं एकामागून एक त्या वाटेनं जातात. रंगासाठी वेगळी तार नाही. मग 'पुढचा शब्द लाल दाखव' हे सांगायचं कसं? तेही अक्षरांतच सांगावं लागतं. नाटकाच्या संहितेत कंसात सूचना असते बघा, 'रागाने', 'उठून खिडकीकडे जात'. ती नटानं पाळायची असते, म्हणायची नसते. नवशिका नट कधी कधी तीही म्हणून टाकतो आणि तालमीत हशा होतो. टर्मिनलचा सगळा इतिहास या कंसातल्या सूचनेचा आहे. ती कुठे सुरू होते, कुठे संपते, कोणी पाळायची, आणि चुकून कोणी मोठ्यानं वाचली तर काय होतं?

सुरुवात पडद्यावर नाही, कागदावर झाली. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते तेव्हा त्यांच्यासमोर टेलिटाइप यंत्र होतं, मॉडेल ३३. सेकंदाला १० अक्षरं, सगळी कॅपिटल, कागदाच्या गुंडाळीवर ठोकून उमटवलेली. युनिक्सच्या आज्ञा एलएस, सीपी अशा दोन-दोन अक्षरांच्या का, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या संथ, जड कळांमध्ये आहे. आणि आजही लिनक्समध्ये टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइपचंच आडनाव.

कागदावर ठळक कसं करायचं? ज्यांनी टायपिंगच्या क्लासला उमेदवारी केली आहे त्यांना हे सांगायला नको. अक्षर मारायचं, एक घर मागे यायचं, तेच अक्षर पुन्हा मारायचं. अधोरेखित हवं असेल तर मागे येऊन खाली रेघ मारायची. मॉडेल ३३ ला मागे सरकता येत नसे, पण त्याचा मोठा भाऊ मॉडेल ३७ सरकू शकत असे, आणि युनिक्सची माहितीपत्रकं मांडणारा एनरॉफ हा प्रोग्रॅम याच यंत्रासाठी बेतलेला होता. म्हणजे 'अक्षर, बॅकस्पेस, तेच अक्षर' हीच युनिक्समधली ठळकपणाची पहिली खूण. ती अजून जिवंत आहे. मजकूर पानापानानं दाखवणारा 'लेस' हा प्रोग्रॅम ती ओळखतो आणि अक्षर ठळक करून दाखवतो. कागद गेला, हातोडी गेली, दोनदा मारायची सवय मात्र फाइलीत राहिली.

रंगही कागदावर होताच. टाइपरायटरची लाल-काळी रिबन आठवा. वरची अर्धी पट्टी काळी, खालची लाल. आस्की या संकेतसंचात 'शिफ्ट आउट' आणि 'शिफ्ट इन' अशी दोन नियंत्रणचिन्हं आहेत. काही यंत्रांत, उदाहरणार्थ टेलिटाइपच्या मॉडेल ३८ मध्ये, त्यांनी रिबन वरखाली होई. हिशेबाच्या वहीत तूट लाल शाईनं लिहितात, तीच सोय तारेवरून. टर्मिनलवरच्या लाल रंगाचा हा खरा पूर्वज.

आता एस्केपकडे येऊ. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली ती कळ आपण 'रद्द करा' म्हणून दाबतो. तिचा मूळ अर्थ वेगळा होता. आयबीएममधले बॉब बेमर यांनी १९६० च्या सुमारास ही कल्पना मांडली. त्या काळी प्रत्येक कंपनीचा संकेतसंच निराळा. बेमर यांचं म्हणणं असं की एक चिन्ह असं ठेवा, जे आलं की यंत्रानं समजावं, पुढची अक्षरं नेहमीच्या अर्थानं वाचायची नाहीत. म्हणजे एका संचातून दुसऱ्यात निसटण्याची वाट. आस्कीत त्याचा क्रमांक २७. नाटकाच्या भाषेत सांगायचं तर हा उघडणारा कंस.

सत्तरच्या दशकात काचेचे पडदे आले आणि एस्केपला खरं काम मिळालं. पडद्यावर कर्सर कुठेही नेता येतो, ओळ पुसता येते, अक्षर उलट्या रंगात दाखवता येतं. या प्रत्येक गोष्टीसाठी आदेश हवा. प्रत्येक कंपनीनं तो आपल्या मनानं ठरवला. डीईसीच्या व्हीटी ५२ चे आदेश एक, लिअर सीगलरच्या एडीएम-३ए चे दुसरे. हेझलटाइनच्या १५०० ला तर एस्केपऐवजी टिल्ड म्हणजे ती नागमोडी रेघ चाले. सगळ्यात गमतीचा प्रकार टेलिव्हिडिओ ९१२ सारख्या टर्मिनलांत होता. तिथे 'इथून अधोरेखित' ही सूचना साठवायला पडद्यावरचंच एक घर खर्ची पडे. म्हणजे अधोरेखित शब्दाच्या आधी आणि नंतर रिकामी जागा येणारच, तुम्हाला हवी असो वा नसो. कार्यक्रमकारांनी या खोडीचं नाव ठेवलं 'जादूची कुकी'.

या गोंधळावर बर्कलीत बिल जॉय यांनी उपाय काढला. व्हीआय हा संपादक लिहिताना त्यांना प्रत्येक टर्मिनलची भाषा वेगवेगळी शिकवणं शक्य नव्हतं. मग त्यांनी १९७८ च्या सुमारास टर्मकॅप नावाची एक जंत्री केली. कुठलं टर्मिनल, त्याला पडदा पुसायला काय सांगावं, कर्सर हलवायला काय, आदेशानंतर किती क्षण थांबावं, कारण काही यंत्रं इतकी मंद की लगेच पुढचं अक्षर पाठवलं तर गिळून टाकत. पुढे केन अर्नोल्ड यांनी याच कामाची कर्सेस ही लायब्ररी केली. आणि ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाली ती रोग या तळघरात हिंडण्याच्या खेळामुळे. गंभीर लोकांना हे फारसं आवडत नाही, पण संगणकाच्या इतिहासात खेळांनी केलेली कामं वगळली तर पुस्तक निम्मं होईल.

दुसरा उपाय प्रमाणीकरणाचा. युरोपातल्या ईसीएमए संस्थेनं १९७६ साली ईसीएमए-४८ हे प्रमाण काढलं, अमेरिकेत १९७९ साली एएनएसआय एक्स ३.६४ आलं. आपण आजही 'ॲन्सी कोड' म्हणतो ते यावरून. कागदावरचं प्रमाण कागदावर राहिलं असतं, पण १९७८ च्या ऑगस्टमध्ये डीईसीनं व्हीटी १०० बाजारात आणलं आणि ते या नव्या पद्धतीचे आदेश मानत होतं. ते खूप खपलं. इतरांनी त्याची नक्कल केली. आज आपल्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी म्हणजे व्हीटी १०० चं सोंग घेतलेला प्रोग्रॅम आहे.

त्या आदेशाचा ढाचा एकदा पाहून घ्या, फार सोपा आहे. एस्केप, मग उघडणारा चौकोनी कंस, मग आकडे, आणि शेवटी छोटा एम. आकडा १ म्हणजे ठळक, ४ अधोरेखित, ५ लुकलुकणं, ७ उलटे रंग, ० म्हणजे सगळं पूर्ववत. अक्षराच्या रंगासाठी ३० ते ३७, पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७. आठच रंग का? तीन दिवे आहेत: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक चालू किंवा बंद. दोनाचा घन आठ. लाल दिव्याची किंमत १, हिरव्याची २, निळ्याची ४. म्हणून ३१ लाल, ३२ हिरवा, ३४ निळा. लाल अधिक हिरवा म्हणजे १ अधिक २, म्हणून ३३ पिवळा. हा हिशेब एकदा कळला की पाठांतर लागत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या व्हीटी १०० नं ही पद्धत घरोघरी नेली त्याला स्वतःला रंग नव्हता.

इथे जरा थांबून दुसरी वाट पाहू, जी रुळली नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांची टर्मिनलं अक्षरागणिक चालत नसत. पडदा म्हणजे एक छापील अर्ज, त्यात रकाने. प्रत्येक रकान्याला गुण असत: हा भरायचा की नुसता वाचायचा, साधा की महत्त्वाचा. १९७९ साली ३२७९ हे रंगीत टर्मिनल आलं तेव्हा जुने प्रोग्रॅम न बदलता त्यांना रंग मिळाला. भरायचा साधा रकाना हिरवा, भरायचा महत्त्वाचा लाल, नुसता वाचायचा निळा, वाचायचा महत्त्वाचा पांढरा. म्हणजे प्रोग्रॅमनं 'लाल' म्हटलंच नाही. त्यानं 'हे काय आहे' एवढं सांगितलं, रंग टर्मिनलनं ठरवला. आम्हाला ही वाट अधिक शहाणी वाटते, आणि पुढे जे वाद झाले त्यांतले निम्मे तिथे उद्भवलेच नसते.

पण जग दुसरीकडे गेलं. १९८१ साली आयबीएम पीसी आला. त्याच्या रंगीत कार्डात लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा बिट होता, उजळपणाचा. झाले सोळा रंग. इथून दोन खोडी आपल्या घरात शिरल्या. एक, 'ठळक' या आदेशाचा अर्थ अनेक टर्मिनलांत 'उजळ रंग' असा झाला, जाड अक्षर बाजूलाच राहिलं. दुसरी पिवळ्याची. उजळपणा काढलेला पिवळा मळकट, शेवाळी दिसतो. म्हणून आयबीएमच्या मॉनिटरमध्ये तेवढ्या एका रंगापुरतं हिरवं मुद्दाम कमी केलं आणि तो तपकिरी झाला. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर आजही ३३ क्रमांक मागितला, जो प्रमाणात पिवळा आहे, तर तपकिरी मिळतो. एका मॉनिटरमधली तडजोड चाळीस वर्षं चालू आहे.

१९८३ च्या एमएस-डॉस २.० बरोबर ॲन्सी डॉट सिस हा चालक आला आणि एस्केपची भाषा घरच्या संगणकाला कळू लागली. टेलिफोनवरून जोडल्या जाणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर पोरांनी तिच्यात चित्रं काढली. १९८६ साली त्यासाठी द-ड्रॉ हा प्रोग्रॅम निघाला, १९९० साली ॲसिड नावाचा चित्रकारांचा गट उभा राहिला. सोळा रंग, ऐंशी रकाने, एवढ्यात केलेली ती कामं आजही बघण्यासारखी आहेत. याच चालकात एक आदेश होता, कीबोर्डच्या कळीचा अर्थ बदलणारा. कोणीतरी एखादी साधी मजकुराची फाइल द्यायचं, तुम्ही ती पडद्यावर नुसती दाखवायची, आणि तेवढ्यानं तुमची एखादी कळ 'सगळ्या फाइली पुसा' अशी होऊन बसायची. याला ॲन्सी बॉम्ब म्हणत. संहितेतल्या कंसात कोणी परक्यानं 'नटानं रंगमंच पेटवावा' असं लिहून ठेवावं, तसं.

आता मुख्य वादाकडे. युनिक्सचं बलस्थान काय? एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट होतं. डग मॅकिलरॉय यांचा आग्रह होता, १९७३ साली पाइप आले आणि तेव्हापासून हा शिरस्ता. पण पाइपमधून मजकुराबरोबर कंसातल्या सूचनाही वाहू लागल्या तर? समजा एलएसनं फाइलीचं नाव निळं केलं आणि ती यादी फाइलीत साठवली. आता त्या नावाच्या आधी एस्केप, कंस, ३४, एम अशी शेपटी आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमनं ते नाव वाचून फाइल उघडायला घेतली तर तो म्हणणार, अशी फाइलच नाही. डोळ्यांना नाव अचूक दिसतंय, यंत्राला सापडत नाही. रात्री आपोआप चालणारी एखादी स्क्रिप्ट अशा कारणानं बंद पडली की शोधणाऱ्याचे तास जातात, कारण पडद्यावर बघितलं तर सगळं ठीकच दिसतं.

उपाय निघाला तो असा. प्रोग्रॅमनं आधी विचारायचं, समोर माणूस आहे की नळी? १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये यासाठी 'इझ-ए-टीटीवाय' हे फंक्शन आहे. समोर टर्मिनल असेल तर रंग, नसेल तर साधा मजकूर. जीएनयूच्या एलएसला रंग आला नव्वदच्या दशकात. कुठल्या प्रकारच्या फाइलीला कुठला रंग याची जंत्री सांभाळणारा डिरकलर्स हा प्रोग्रॅम एच. पीटर ॲन्विन यांचा. तिथे 'ऑटो' हा पर्याय म्हणजे हाच प्रश्न विचारणं. ग्रेप, गिट, सगळे पुढे त्याच वाटेनं गेले.

पण हे सर्वांना पटलं नव्हतं, आणि तेही रंगाच्या आधीपासून. बर्कलीच्या एलएसनं टर्मिनल दिसलं की यादी रकान्यांत मांडायला सुरुवात केली होती. १९८३ साली रॉब पाइक यांनी यूझनिक्सच्या परिषदेत एक गाजलेलं भाषण केलं. त्यांचा मुद्दा, थोडक्यात, असा की प्रत्येक प्रोग्रॅमनं एकच काम करावं. रकाने पाडायचे तर त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असावा. भाषणाच्या नावातच त्यांनी कॅट या प्रोग्रॅमच्या 'व्ही' पर्यायावर टीका केली, जो न दिसणारी चिन्हं दिसतील अशी करून दाखवतो. आता दैवदुर्विलास बघा. आज फाइलीत दडलेले रंगाचे आदेश शोधायचे तर आपण नेमका तोच पर्याय वापरतो.

पाइक यांचं तत्त्व चोख आहे, तरी आम्ही या बाबतीत त्यांच्या बाजूला पूर्ण उभे राहत नाही. माणूस आणि प्रोग्रॅम हे दोन वेगळे वाचक आहेत. कंपायलरनं तीनशे ओळी ओकल्या आणि त्यात चूक एकच असली तर ती लाल असणं ही चैन नाही. पण तत्त्व मोडण्याची किंमत मोजावी लागते, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. आता एलएसचं आउटपुट लेसला दिलं की रंग जातात, कारण मध्ये नळी आली. मग 'नेहमी रंग दे' असं सांगायचं, मग लेसला रंगाचे आदेश पुढे जाऊ द्यायला वेगळा पर्याय द्यायचा. एक पायरी चुकली की पडद्यावर कंसातले आकडे, म्हणजे नटानं सूचनाच वाचली.

रंग पुढे वाढत गेले, ते भरभर सांगतो. १९९९ च्या सुमारास एक्सटर्ममध्ये २५६ रंग आले: जुने १६, सहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे २१६, आणि करड्याच्या २४ छटा. त्यानंतर लाल, हिरवा, निळा यांचे थेट आकडे देण्याची सोय झाली, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर रंग. इथे एक महत्त्वाची गोष्ट हातातून निसटली. आठ रंगांच्या काळात प्रोग्रॅम म्हणे 'तिसरा रंग', आणि तो तिसरा रंग कसा दिसावा हे वापरणारा आपल्या टर्मिनलमध्ये ठरवे. ज्याला काळ्यावर गडद निळं दिसत नाही, तो निळा उजळ करून घेई. थेट आकडे आले आणि ही मुखत्यारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे गेली. त्यानं काळ्या पडद्यावर बसून फिकट पिवळा निवडला आणि तुमचा पडदा पांढरा असला, तर तुम्हाला ती ओळ दिसणारच नाही.

आणि सगळ्यांना रंग सारखे दिसत नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. 'पास' आणि 'फेल' यांतला भेद फक्त रंगात ठेवणारा प्रोग्रॅम अशा माणसाला काहीच सांगत नाही. शब्द लिहा, खूण करा, मग वर रंग द्या. २०१७ साली 'नो कलर' नावाचा एक साधा संकेत पुढे आला. या नावाचं चल वापरणाऱ्यानं आपल्या यंत्रात ठेवलं असेल तर प्रोग्रॅमनं आपण होऊन रंग टाकू नये. कोणत्याही प्रमाण संस्थेचा शिक्का त्यावर नाही, पण शेकडो प्रोग्रॅम तो पाळतात.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट उलटी. एनटी घराण्यातल्या विंडोजच्या कन्सोलला एस्केपचे आदेश कळत नसत. रंग हवा तर वेगळं फंक्शन बोलवायचं. मजकूर स्वच्छ राहतो, हे खरं. पण ते फंक्शन तारेवरून दुसऱ्या यंत्रावर जात नाही, आणि सगळं जग तर दूरच्या सर्व्हरवर काम करू लागलं होतं. शेवटी विंडोज १० मध्ये, २०१५-१६ च्या सुमारास, त्यांनी व्हीटीची भाषा पुन्हा घरात घेतली. २०१७ साली कन्सोलचे मूळ रंगही बदलले, कारण जुना गडद निळा आताच्या एलसीडी पडद्यांवर वाचताच येत नसे.

आता पुण्याकडे येतो. सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान तुमच्यापैकी काहींनी वापरलं असेल. भारतीय लिप्या पडद्यावर आणण्याचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुण्यात वाढलं. त्यामागचा संकेतसंच इस्की, भारतीय मानक १३१९४, वर्ष १९९१. या मानकात २३९ क्रमांकावर 'एटीआर' नावाचं चिन्ह आहे. ते आलं की पुढचं एक चिन्ह मजकूर नसतं, सूचना असते: ठळक कर, तिरपं कर, अधोरेखित कर. आणि त्याच चिन्हानं लिपीही बदलता येई, इथून देवनागरी, इथून बंगाली. बेमर यांनी एस्केपकडून जे मागितलं होतं, एका संचातून दुसऱ्यात जाण्याची वाट, आणि व्हीटी १०० नं त्याचं जे केलं, अक्षराचं रूप बदलण्याची वाट, ही दोन्ही कामं इथे एकाच चिन्हाकडे आहेत. शिवाय एक सुधारणा आहे. टर्मिनलवर 'पूर्ववत' म्हणायला विसरलात तर पुढचा सगळा पडदा लाल राहतो. इस्कीत ओळ संपली की सूचना आपोआप संपते. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला माणसाचा विसराळूपणा ठाऊक होता.

युनिकोड आलं तेव्हा हे चिन्ह बाहेर राहिलं. प्रत्येक लिपीला स्वतःची जागा मिळाली, म्हणून लिपी बदलायची गरज उरली नाही, आणि ठळक-तिरपं हा मजकुराचा भाग नव्हे अशी युनिकोडची भूमिका आहे. त्यामुळे मराठी मजकूरही आता व्हीटी १०० च्या आदेशांनीच रंगतो, आणि ते आदेश एका घरात एक अक्षर असं मानून घडलेले आहेत. करून बघा: एका मराठी फाइलीत ग्रेपला नुसता 'क' शोधायला सांगा, रंग चालू ठेवून. 'की' या अक्षरात तो 'क' नंतर लगेच 'पूर्ववत' हा आदेश घालतो. वेलांटी आदेशाच्या पलीकडे पडते. मग एखादं टर्मिनल दोघांना एकत्र लाल करतं, एखादं 'क' लाल आणि वेलांटी पांढरी ठेवतं, एखादं वेलांटीला कोरं वर्तुळ देऊन वेगळीच उभी करतं. यातलं बरोबर काय, हे ईसीएमए-४८ सांगत नाही.